गिटार अचानक मुकी झाली? दुरुस्तीला नेण्याआधी आतला चौकोनी सेल बघा

पुणे : जत्रेचा ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की गणपतीतला कार्यक्रम, गाणं रंगात येतं आणि नेमका तेव्हाच गिटारचा आवाज फाटायला लागतो. मग तो बारीक होतो आणि शेवटी बंदच पडतो. साउंडवाला वायर हलवून बघतो, कोणी अँपवर थाप मारतो, कोणी मिक्सरची बटणं फिरवतो. दुसऱ्या दिवशी गिटार पिशवीत घालून थेट पुण्याला दुरुस्तीला. एसटीचं भाडं गेलं, दिवस मोडला, आणि अनेकदा दुकानात फक्त एक बॅटरी बदलली जाते.

पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतून शिकायला शहरात गेलेली बरीच मुलं आता गिटार घेऊन घरी येतात. जुन्नर, इंदापूर, भोर, पुरंदर, कुठंही बघा, गावच्या कार्यक्रमात एखादी तरी गिटार दिसतेच. पण काही गिटारमध्ये बॅटरी असते आणि तिच्याशिवाय ती स्पीकरवर वाजतच नाही, हे विकत घेताना फार कमी जणांना सांगितलं जातं. म्हणून आज याचीच सोप्या भाषेत माहिती घेऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा : गिटारमधली बॅटरी वाजवण्याने संपत नाही, वायर लावून ठेवल्याने संपते.

साधी गिटार : सायकलचा डायनामो

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक लांबट पट्टी असते. तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये किंचितशी वीज तयार होते. ही वीज वायरमधून अँपला जाते आणि अँप तिचा मोठा आवाज करतो.

जुन्या सायकलचा डायनामो आठवतो? चाकाला घासून फिरायचा आणि दिवा लागायचा, त्याला सेल लागत नसे. तत्त्व तेच. चुंबक आणि तार यांच्या हालचालीतून वीज तयार होते, हे इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत रिकेनबॅकर कंपनीची अशा पिकअपची गिटार बाजारात आली. तिचा आकार तव्यासारखा, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' असं टोपणनाव पडलं.

अशा बिनबॅटरीच्या पिकअपला 'पॅसिव्ह' म्हणतात. बाजारातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटार याच प्रकारच्या असतात.

मग बॅटरी कशाला?

पॅसिव्ह पिकअपमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. वायर जितकी लांब, तितका आवाजातला टोकदारपणा कमी होतो आणि आवाज दबल्यासारखा येतो. शिवाय तांब्याचे हजारो वेढे म्हणजे एक प्रकारचा अँटेनाच. जवळच्या ट्यूबलाइट, डिमर किंवा ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तो पकडतो आणि स्पीकरमधून 'हूंऽऽ' असा आवाज येत राहतो.

यावर 'ॲक्टिव्ह' पिकअपचा उपाय निघाला. यात तारेचे वेढे कमी ठेवतात. त्यामुळे गुणगुण कमी पकडली जाते, पण सिग्नलही कमी मिळतो. ही कसर भरून काढायला पिकअपच्या आतच एक छोटा अँप बसवतात. त्याला प्रीअँप म्हणतात आणि त्याला चालायला बॅटरी लागते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर लांबच्या पाइपलाइनमध्ये शेवटच्या टोकाला दाब उरत नाही, म्हणून विहिरीपाशीच मोटर बसवली. पाणी निघतानाच जोरात निघालं तर वाटेतल्या लांबीचा फारसा फरक पडत नाही.

१९७०च्या दशकात अमेरिकेत हे तंत्र पुढे आलं. १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे ही बेस गिटार बॅटरीवरच्या सर्किटसह आली. ॲक्टिव्ह पिकअपमध्ये सगळ्यांत जास्त नाव झालं ते ईएमजी या कंपनीचं. मेटालिका बँडचे गिटारवादक हेच पिकअप वापरत आले आहेत. २०११ मध्ये हा बँड बेंगळुरूला वाजवून गेला, तेव्हा भारतभरातली पोरं तिथं गेली होती. २०१० पासून पुण्यात एनएच७ वीकेंडरसारखा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला. बँडचं वेड वाढलं तशी ॲक्टिव्ह पिकअपची गिटारही इथल्या पोरांच्या हातात दिसू लागली.

लाकडी गिटारलाही सेल लागतो

आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते ती पोकळ लाकडी, म्हणजे अकूस्टिक गिटार. ती स्पीकरशिवायही वाजते. पण स्टेजवर वायर लावता यावी म्हणून काही गिटारमध्ये 'पिझो' पिकअप बसवलेलं असतं.

पिझो म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघरात जा. गॅस पेटवायचा 'टिक' आवाजाचा लायटर असतो ना, त्याला सेल नसतो, तरी ठिणगी पडते. त्यात एक स्फटिकासारखा पदार्थ असतो, त्यावर दाब पडला की वीज तयार होते. हा गुण १८८० मध्ये फ्रान्सच्या पिएर आणि जाक क्युरी या भावांनी शोधला. गिटारमध्ये तारा जिथं टेकतात त्या पट्टीखाली असाच पदार्थ ठेवतात. तारांच्या थरथरीचा दाब पडतो आणि वीज तयार होते. पण ती फार अशक्त असते, म्हणून इथंही प्रीअँप लागतो आणि प्रीअँपला बॅटरी.

अकूस्टिक गिटारच्या वरच्या बाजूला, वाजवणाऱ्याच्या छातीजवळ, बटणांची छोटी काळी पेटी दिसली तर तोच प्रीअँप. त्यात सूर लावायचा ट्यूनर असेल तर तोही याच बॅटरीवर चालतो.

आपल्या बँजोचं काय?

वरातीतल्या आणि मिरवणुकीतल्या बँजो पार्टीत मांडीवर किंवा स्टँडवर ठेवून वाजवतात तो बँजो, म्हणजे बुलबुलतरंग, त्यालाही तारांजवळ पिकअप असतं. बऱ्याचशा बँजोंचं पिकअप साधं चुंबकाचं, पॅसिव्ह असतं. त्यामुळे तिथं आवाज गेला तर सेल शोधत बसू नका, वायर, पिन आणि जॅक तपासा. कारागिराकडून आत वेगळा प्रीअँप बसवून घेतला असेल तर मात्र बॅटरी असणारच.

खरी मेख जॅकमध्ये

ॲक्टिव्ह गिटारला बहुधा चालू-बंद करायचं बटण नसतं. मग बॅटरी चालू कधी होते? वायरची पिन आत घातली की.

गिटारच्या जॅकमध्ये, म्हणजे पिन घालायच्या भोकात, तीन पत्र्या असतात. दोन सिग्नलसाठी. तिसरीला बॅटरीची निगेटिव्ह वायर जोडलेली असते. पिन आत गेली की पिनेचा धातूचा दांडा दोन पत्र्या एकमेकींना जोडतो आणि बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. म्हणजे पिन हेच बटण.

आता लक्षात घ्या. अँप बंद केला, मिक्सर बंद केला, अख्ख्या गावची लाइट गेली, तरी पिन गिटारमध्ये असेपर्यंत बॅटरी खर्च होतच राहते. वायरलेस लावलं असेल तरी तेच, कारण त्याचीही पिन गिटारमध्येच असते. म्हणून वाजवून झालं की पिन गिटारच्या बाजूने काढायची. अँपच्या बाजूची काढून उपयोग नाही.

एक बारकावा. पिनेवर एकच काळी रेघ असलेली साधी मोनो वायर वापरा. दोन काळ्या रेघांची स्टिरिओ पिन लावली तर काही वेळा बॅटरी जोडलीच जात नाही आणि गिटार मुकी राहते.

बॅटरी किती दिवस जाते? हिशेब करू

गिटारमध्ये बहुतेक वेळा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. वायरमनच्या मल्टिमीटरमध्ये असते तीच. तिच्या आत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल असतात, सहा गुणिले दीड म्हणजे नऊ. चांगल्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास धरा.

ईएमजीच्या ८१ नंबरच्या पिकअपला फक्त ८० मायक्रोअँपिअर करंट लागतो, म्हणजे एका मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी. एका पिकअपवर बॅटरी ३,००० तास चालते असं कंपनी सांगते. गिटारमध्ये अशी दोन पिकअप असतील तर साधारण १,५०० तास. रोज एक तास वाजवलं आणि पिन काढून ठेवली तर हिशेबाने चार वर्षं होतात. पण पिन तशीच राहिली तर? १,५०० भागिले २४, म्हणजे साधारण ६२ दिवस. चार वर्षांची बॅटरी दोन महिन्यांत खलास, तीही एक सूर न वाजवता.

लाकडी गिटारच्या प्रीअँपला यापेक्षा बराच जास्त करंट लागतो. समजा ३ मिलिअँपिअर लागतो. ५०० भागिले ३, म्हणजे सुमारे १६६ तास. रोज एक तास वाजवलं तर पाच महिने निघतात. पिन लावून ठेवली तर सात दिवसही नाहीत. म्हणजे गणेश चतुर्थीला पिन लावली आणि काढलीच नाही, तर विसर्जनाच्या मिरवणुकीआधीच बॅटरीचं विसर्जन झालेलं असतं.

प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. पण धडा सगळीकडे तोच : पिन काढा.

बॅटरी उतरल्याची लक्षणं

बॅटरी एकदम जात नाही, आधी सूचना देते.

- जोरात वाजवलं की आवाज फाटतो, हळू वाजवलं तर ठीक वाटतो.
- नेहमीचाच व्हॉल्यूम असूनही आवाज बारीक आणि निर्जीव येतो.
- ट्यूनरचा दिवा मंद होतो किंवा चालू होऊन लगेच बंद पडतो.
- प्रीअँपवर लाल दिवा लागतो. काही मॉडेलमध्ये बॅटरी कमी झाल्याची ही खूण असते.
- शेवटी आवाज पूर्ण जातो.

घरी कशी तपासायची?

गावातल्या वायरमनकडे मल्टिमीटर असतोच. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरीच्या डोक्यावरचं लहान गोल टोक पॉझिटिव्ह, त्याला लाल वायर. मोठं, फुलासारखं टोक निगेटिव्ह, त्याला काळी. नवी अल्कलाइन बॅटरी ९ व्होल्टच्या थोडं वर दाखवते. साधारण ८ च्या आसपास आली की दुसरी आणून ठेवा. ७ च्या जवळ गेली असेल तर कार्यक्रमाला तिच्यावर भरवसा नको.

जिभेला लावून झिणझिण्या येतात का बघायची जुनी सवय काहींना आहे. ती सोडा. त्यातून बॅटरी किती उरली ते कळत नाही, आणि लहान मुलं बघून तेच करतात.

गिटार वाजत नसेल तर या क्रमाने बघा : आधी दुसरी वायर लावून पाहा. मग गिटारवरचा आणि अँपवरचा व्हॉल्यूम. मग नवी बॅटरी. मग जॅकचा नट ढिला झालाय का. एवढं करूनही आवाज नसेल तरच दुरुस्ती. बॅटरीची जागा मागच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली, प्रीअँपच्या पेटीत किंवा जॅकशेजारी असते. बॅटरी बदलताना ती उलटी टेकवू नका, आतलं सर्किट खराब होऊ शकतं.

कोणती बॅटरी घ्यावी?

साधी झिंक-कार्बन : स्वस्त. पण क्षमता कमी आणि पडून राहिली की पाझरण्याची भीती जास्त. अनेकदा हिच्यावर 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असतं. त्या शब्दांना भुलू नका. कोड '६एफ२२' असेल तर ती साधी समजा.

अल्कलाइन : कित्येक पटींनी महाग, पण जास्त टिकते. कोड '६एलआर६१'. स्टेजवर वाजवणाऱ्याने हीच घ्यावी.

चार्जिंगची : दोन प्रकार मिळतात. निकेलच्या बॅटरीचा दाब अनेकदा ८.४ व्होल्टच असतो, क्षमता अल्कलाइनच्या निम्म्याहूनही कमी असते आणि नुसती ठेवली तरी ती उतरत जाते. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियमच्या काही बॅटऱ्यांमध्ये व्होल्ट वाढवायचं सर्किट असतं आणि त्याची बारीक शिट्टी स्पीकरमध्ये येऊ शकते. जिची बॅटरी वर्षातून एकदा बदलावी लागते, त्या गिटारसाठी चार्जिंगच्या बॅटरीचा खटाटोप परवडत नाही.

पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे, तिथं सगळे प्रकार मिळतात. तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते, पण ९ व्होल्टची बॅटरी रोज खपणारी वस्तू नाही. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल असू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी तारीख वाचा.

शॉक बसला तर दोष बॅटरीचा नाही

हा मुद्दा जिवाचा आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीने गिटार वाजवणाऱ्याला शॉक बसत नाही. तारांना हात लावल्यावर किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष अँपचा किंवा मंडपातल्या अर्थिंगचा असतो. साध्या गिटारच्या तारा आतून वायरमार्गे अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये करंट उतरला, तर तो थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. जनरेटरवर चाललेला कार्यक्रम आणि पावसाने ओला झालेला मंडप, तिथं धोका आणखी वाढतो. झिणझिण्या आल्या की वाजवणं थांबवा, अँपचा प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून काम भागवू नका.

जुनी बॅटरी खिशात टाकू नका

९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला, अगदी जवळ असतात. खिशात किंवा पिशवीत चिल्लर, किल्ली किंवा गिटारच्या तारेचा तुकडा दोन्हींना एकदम लागला तर शॉर्ट होतं. बॅटरी तापते, चटका बसतो, कापूस किंवा कागद जवळ असेल तर पेटही घेतो. उतरलेल्या बॅटरीतही एवढी ताकद उरलेली असू शकते. म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावा. नव्या बॅटरीचं झाकण फेकू नका, तेच जुनीला लावा.

गिटार दोन-तीन महिने वापरात नसेल तर बॅटरी काढूनच ठेवा. मुळशी, भोर, मावळच्या पावसात दमट हवेने टोकं गंजतात, आणि पाझरलेली बॅटरी आतल्या वायरी खाते. अल्कलाइन बॅटरी पाझरून पांढरी पावडर दिसली तर उघड्या हाताने पुसू नका. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून जुन्या टूथब्रशने झाडा, मग व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात जरासा भिजवलेला कापूस टोकांवर फिरवा आणि कोरडं करा.

टाकाऊ बॅटरी चुलीत, शेतात किंवा विहिरीत टाकू नका. केंद्र सरकारचे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम २०२२ मध्ये आले. त्यांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची असते. घरात एक बरणी ठेवा. घड्याळाचे, रिमोटचे आणि गिटारचे सेल त्यात साठवा आणि शहरात जाणं होईल तेव्हा ई-कचरा संकलनात द्या.

नवीन घेताय? मग कोणती घ्याल?

शिकायला सुरुवात करत असाल तर साधी पॅसिव्ह गिटार किंवा बिनपिकअपची लाकडी गिटार पुरेशी आहे. बॅटरीची कटकट नाही, खर्च कमी. ॲक्टिव्ह म्हणजे भारी आणि पॅसिव्ह म्हणजे हलकी, असं समजू नका. जगातले कितीतरी मोठे वादक पॅसिव्हच वाजवतात. लांब वायरीवर, दिव्यांच्या गर्दीत, मोठ्या स्टेजवर नेहमी वाजवायचं असेल, तर ॲक्टिव्हचा विचार करा.

जुनी गिटार घेत असाल तर बॅटरीचं झाकण उघडायला सांगा. आत पांढरा-हिरवा थर असेल, क्लिप तुटकी असेल, तर भाव कमी करून मागा. नवी बॅटरी घालून स्वतः वाजवून बघा, मगच पैसे द्या.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी तीनच गोष्टी करा. सकाळी बॅटरी तपासा. एक नवी बॅटरी आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर गिटारच्या पिशवीत ठेवा. वाजवून झालं की पिन गिटारमधून काढा.

ही माहिती तुमच्या गावातल्या ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी आणि गणेश मंडळाच्या ग्रुपवर जरूर पाठवा. कुणाची तरी पुण्याची एक चक्कर वाचेल.